बरं वाटतंय, मग गोळी कशाला?

पुण्याहून बेंगळुरूकडे जाताना कागल मागं पडलं, दूधगंगेचा पूल ओलांडला, की कर्नाटक लागतं आणि लागलीच कोगनोळीचा टोलनाका. सीमाप्रश्नावरून काही पेटलं की पहिला बंदोबस्त इथं लागतो. महाराष्ट्रातून बेळगावला निघालेल्या पुढाऱ्यांच्या गाड्या इथंच अडवतात. कोरोनाच्या काळात तपासणीचा अहवाल दाखवल्याशिवाय इथून पुढं सोडत नव्हते. कोगनोळी गावात घरातली बोली मराठी, सरकारी कागद कन्नड, बाजार निपाणीचा आणि दुखणं वाढलं की धाव कोल्हापूरला.

या गावात, आणि एकूणच सीमाभागात, स्किझोफ्रेनिया झालेल्या माणसाच्या घरी एक वाद हमखास होतो. देव की डॉक्टर, हा तो वाद नव्हे; तो बहुतेक घरांत पहिल्या वर्षातच संपतो. खरा वाद नंतर सुरू होतो, माणूस बरा दिसायला लागल्यावर. तो वाद मी इथं दोघांच्या तोंडी घातला आहे. हे दोघं म्हणजे कुणी विशिष्ट माणसं नव्हेत, कितीतरी घरांतलं बोलणं त्यांच्यात एकत्र आलं आहे. मामा मराठी शाळेतून निवृत्त झालेले शिक्षक. भाची, जिला सगळे आक्का म्हणतात, कोल्हापुरात नर्स आहे. विषय तिच्या धाकट्या भावाचा. कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला असताना तो आजारी पडला. आता दोन म्हशी सांभाळतो, डेअरीला दूध घालतो, तंबाखूच्या दिवसांत रानात राबतो.

मामा : स्थळ चांगलं आहे आक्का. संकेश्वरकडचे लोक. मुलगी शिवणकाम करते, बोलायला नीट आहे. परवा पोराला बघायला येतो म्हणालेत. माझं म्हणणं एवढंच की त्या गोळ्या आता बंद करा. चार वर्षं झाली, पोरगं ठणठणीत आहे. बरं वाटतंय, मग गोळी कशाला?

आक्का : गोळी आहे म्हणून बरं वाटतंय, मामा.

मामा : हे तुमचं दवाखान्यातल्या लोकांचं ठरलेलं. बरा असला तर गोळीमुळं, बिघडला तर गोळी कमी पडली म्हणून. दोन्हीकडून गोळीच जिंकते. मी गणित शिकवलंय बाई. ज्या विधानाला चूक ठरवायची सोयच ठेवली नाही, ते मी कसं मानू?

मामांचा हा प्रश्न उडवून लावण्यासारखा नाही. बऱ्या झालेल्या प्रत्येक माणसाच्या मनात तो येतो आणि त्याला डॉक्टरांकडून उत्तराऐवजी बऱ्याचदा दटावणी मिळते. उत्तर मात्र आहे.

आक्का : चूक ठरवायची सोय आहे की. बऱ्या झालेल्या माणसांचे दोन गट करायचे. एकाला खरी गोळी, दुसऱ्याला तशीच दिसणारी बिनऔषधाची. कुणाला काय मिळतंय ते त्यांनाही ठाऊक नाही. असे पासष्ट प्रयोग एकत्र करून २०१२ साली 'लॅन्सेट'मध्ये छापलेत, साडेसहा हजारांच्या आसपास माणसं होती. वर्षभरात खरी गोळी घेणाऱ्यांतले शंभरात सत्तावीस पुन्हा आजारी पडले. बिनऔषधाच्या गोळीवरचे चौसष्ट.

मामा : म्हणजे शंभरातले छत्तीस औषध सोडूनही नीट राहिले. आपलं पोरगं त्या छत्तिसांतलं नसेल कशावरून?

आक्का : असेलही. पण तो छत्तिसांतला का चौसष्टांतला, हे आधी सांगणारी रक्ताची तपासणी नाही, फोटो नाही, काही नाही. सोडून बघायचं आणि काय होतंय ते भोगायचं, एवढाच मार्ग आहे. आणि हा हिशेब एका वर्षाचा, मामा. चौसष्टांतला निघाला तर काय होतं ते आपण एकदा बघितलंय.

मामा गप्प झाले, कारण त्यांनी ते बघितलं होतं.

सुरुवात टोलनाक्यापासून झाली. धाकटा निपाणीला कॉलेजला जायचा. एके दिवशी घरी येऊन म्हणाला, नाक्यावर पोलीस माझ्यासाठी उभे आहेत. घरच्यांना त्यात वावगं वाटलं नाही, कारण त्या आठवड्यात नाक्यावर पोलीस खरोखरच उभे होते. आई म्हणाली, गाड्या अडवतायत, तू मधल्या वाटेनं ये. मग तो म्हणाला, नाक्याचा दांडा वर जातो तो मी आलो हे पुढं कळवायला. मग कॅमेरे. मग घरातला टीव्ही लावायचा नाही, कारण बातम्या सांगणारी बाई त्याच्याकडे बघून बोलते. शेवटी त्यानं खिडक्यांना पोती लावली.

या आजारातला भ्रम असा जवळच्या सामानातूनच उभा राहतो. समुद्रकाठच्या माणसाला जहाजं दिसतील, सीमेवरच्या मुलाला पोलीस दिसतात. त्यात पोलीस खरे, कॅमेरे खरे. फक्त 'माझ्यासाठी' एवढंच खोटं. आणि तेवढं खोटं कुठल्याही पुराव्यानं हलत नाही. कुणी त्याला नाक्यावर नेलं असतं, पोलिसांनी समोर उभं करून 'बाबा, आम्ही तुला ओळखतही नाही' असं सांगितलं असतं, तरी त्यानं म्हटलं असतं की बघा, ओळख लपवतायत. समजूत घालून भ्रम जात नाही आणि वाद घातला की माणूस आपल्यालाच त्या कटात धरतो. म्हणून घरच्यांनी 'तसं काही नाही' म्हणत भांडू नये आणि 'हो, आहेत पोलीस' म्हणत भरही घालू नये. 'तुला भीती वाटतेय हे दिसतंय मला, आपण काय करूया?' एवढं म्हणता येतं. म्हणायला सोपं, रात्री दोन वाजता अवघड.

आवाजांचं तो घरात फार उशिरा बोलला. दोन माणसं आपापसात त्याच्याविषयी बोलायची. आता हा उठला, आता चहा पितोय, बघ कसा पितोय. 'तुला वाटतंय' असं कुणी म्हटलं की त्याला संताप यायचा, कारण त्याला वाटत नव्हतं, ऐकू येत होतं. बाहेर कुणी बोलत नसताना मेंदूतली बोलण्या-ऐकण्याची यंत्रणाच चालू असते. ऐकणाऱ्याच्या दृष्टीनं तो आवाज शेजारच्या आवाजाइतकाच पक्का. त्यानंतरचं लक्षण घरात सगळ्यांत जास्त चुकीचं वाचलं गेलं. आंघोळ नाही, दाढी नाही, दिवसभर माळ्यावर पडून राहणं, आईनं विचारलं तर एका शब्दात उत्तर. भावकी म्हणाली, आळशी झाला, कॉलेजनं बिघडवलं. आजाराचा हा भाग आरडाओरडा करत नाही, म्हणून त्याला कुणी आजार म्हणत नाही. आणि औषधालाही हाच भाग सगळ्यांत कमी दाद देतो.

मामा : तुझ्या आईला त्याला गाणगापूरला न्यायचं होतं. भावकीतले म्हणाले, चाबकानं झोडणारा एक आहे पलीकडच्या गावात. मी आडवा पडलो. आयुष्यभर पोरांना शिकवलं भूत नसतं म्हणून, घरातच कसं चालू द्यायचं? ते मी केलं, विसरू नकोस.

आक्का : विसरले नाही. तुम्ही नसता तर त्याच्या पाठीवर वळ असते.

चाबकाचा हा प्रकार आता दोन्ही राज्यांत गुन्हा आहे. भूत उतरवण्याच्या नावाखाली माणसाला बांधून मारणं महाराष्ट्रात २०१३ च्या कायद्यानं बंद केलं, कर्नाटकात २०१७ च्या. साखळीला बांधून ठेवण्यावर २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं देशभर बंदी आली. तमिळनाडूत एरवाडीला ६ ऑगस्ट २००१ रोजी आग लागली, तेव्हा साखळदंडानं बांधलेली माणसं पळू शकली नाहीत. अठ्ठावीस जणांचा कोळसा झाला. त्यांचे नातेवाईक त्यांना तिथं बरं व्हायला सोडून आले होते.

मामा : पण म्हणून विज्ञान म्हणजे गोळीपुढं हात जोडणं नव्हे. मी त्या पोराला लहानपणापासून बघतोय. गल्लीत क्रिकेट खेळताना आवाज सगळ्यात मोठा त्याचा. आता हसतो तोही मोजून. सकाळी साडेपाचला डेअरीचं दूध काढायचं, तर हा सहा-साडेसहापर्यंत उठत नाही. उठला तरी तास-दीड तास धुंदीत. डेअरीत दुधाचं फॅट कमी लागलं तरी भांडत नाही. पहिली विजार एकही बसत नाही त्याला. आणि ती पहिली रात्र? मान अशी मागं ओढली गेली होती की तुझी आई ओरडली, पोरगं गेलं म्हणून. हे औषध आहे का शिक्षा?

आक्का : मानेचं ते हॅलोपेरिडॉलच्या इंजेक्शननं झालं. तरुण मुलांत होतं तसं. दुसऱ्या एका इंजेक्शननं अर्ध्या तासात मान सरळ झाली की नाही? पण त्याची कल्पना आपल्याला आधी द्यायला हवी होती, ती कुणी दिली नाही, हे खरं. वजनाचं ओलान्झापिनमुळं. भूक वाढते, साखर वाढते. म्हणून तर मी सहा महिन्यांनी साखर आणि चरबी तपासायला लावते.

मामा : बघ, तूच सांगतेस.

आक्का : मी कधी नाही म्हटलं? औषधाचा त्रास नाही असं जो म्हणेल तो खोटं बोलतो. हात थरथरणं, पाय एका जागी न राहणं, लाळ गळणं, बायकांची पाळी चुकणं, फार वर्षं घेतल्यावर तोंडाच्या नकळत होणाऱ्या हालचाली. आणि ताप येऊन अंग लाकडासारखं ताठ झालं तर गोळी थांबवून रातोरात दवाखाना गाठायचा, ते जिवावरचं असतं. पण यातल्या बहुतेक त्रासांवर काहीतरी करता येतं. गोळी बदलता येते, मात्रा कमी करता येते. रात्री साडेदहाची गोळी आठला घेतली तर पहाटेची धुंदी कमी होईल. हे डॉक्टरांना विचारावं लागतं, आणि आपण दवाखान्यात जाऊन म्हणतो काय, 'बरा आहे साहेब, त्याच गोळ्या लिहून द्या.'

या गोळ्यांचा जन्म अपघाती आहे. १९५२ साली पॅरिसमध्ये डिले आणि डेनिकर या डॉक्टरांनी क्लोरप्रोमाझिन नावाचं एक औषध मनोरुग्णांना देऊन पाहिलं. शस्त्रक्रियेआधी माणूस शांत राहावा म्हणून ते वापरात येत होतं. मनोरुग्णांवर त्याचा परिणाम नुसता शांत करण्यापुरता नव्हता; आवाज आणि भ्रमही मागं हटले. त्याआधी काय होतं ते बेळगाव भागातल्या जुन्या माणसांना वेगळं सांगायला नको. कुणाचं डोकं फिरलं की 'याला धारवाडला न्या' म्हणायचे. धारवाडचं मनोरुग्णालय मुंबई इलाख्याच्या काळातलं. १९५६ ला भाषावार प्रांतरचना झाली आणि ते जिल्ह्यासकट आजच्या कर्नाटकाकडे गेलं, तसा बेळगावही गेला. त्या काळी तिथं जाणारा परत येईल याची कुणी वाट बघत नसे. आज तीच संस्था मानसिक आरोग्याचं शिक्षण देणारं केंद्र आहे आणि तिथला रुग्ण काही आठवड्यांत घरी येतो. हा बदल भिंतींनी केलेला नाही.

औषध नेमकं काय करतं? मेंदूत डोपामिन नावाचं एक रसायन असतं. त्याची अनेक कामं, त्यातलं एक म्हणजे 'हे महत्त्वाचं आहे, इकडे बघ' अशी खूण करणं. या आजारात मेंदूच्या काही भागांत ते गरजेपेक्षा जास्त सुटतं. मग ज्याला काही अर्थ नाही त्याच्यावरही खूण पडते: दांडा वर गेला, कुणी खाकरलं, टीव्हीवरच्या बाईनं मान वळवली. सगळंच आपल्याला उद्देशून आहे असं वाटायला लागतं आणि मन त्याची गोष्ट रचतं. गोळी त्या रसायनाची दारं काही प्रमाणात अडवते. खुणा पडायच्या थांबतात, गोष्ट हळूहळू विरते. त्याला दोन ते सहा आठवडे लागतात, कधी जास्त. पण तेच रसायन उत्साहाच्या आणि हालचालीच्या कामीही येतं, म्हणून मामांनी पाहिलेलं ते मोजून हसणं कधी आजाराचं असतं, कधी गोळीचं, आणि बऱ्याचदा दोन्हींचं मिळून.

मामा : माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यानं मोबाइलवर पाठवलंय बघ. हॉलंडमधला अभ्यास. पहिल्यांदा आजारी पडलेली एकशेतीन माणसं. निम्म्यांची गोळी लवकर कमी केली, जमलं त्यांची बंद केली. सात वर्षांनी बघितलं तर कमी केलेल्यांत शंभरातले चाळीस पूर्ण उभे राहिले होते, कामधंद्यासकट. चालू ठेवलेल्यांत सतरा-अठराच. २०१३ साली छापलंय. मी उगाच बोलत नाही.

आक्का : वाचलंय मी. चांगला अभ्यास आहे. पण ती माणसं सहा महिने नीट असल्याची खात्री करून घेतलेली होती, डॉक्टर दर भेटीला बघत होते आणि बऱ्याच जणांची गोळी कमी झाली, बंद नाही झाली. नंतर इंग्लंडमध्ये अडीचशे माणसांवर असंच केलं, २०२३ ला निकाल आला. दोन वर्षांत हळूहळू कमी करणाऱ्यांतले शंभरात पंचवीस गंभीर आजारी पडले, चालू ठेवणाऱ्यांतले तेरा. आणि कामधंद्यात, लोकांत मिसळण्यात फरक पडला नाही. सात वर्षांनी काय दिसेल ते पुढं कळेल. पण दोन्हीकडं एक गोष्ट सारखी आहे, मामा. कुणीही स्थळ आलं म्हणून परवापासून गोळी बंद केली नाही.

मामा : तू शब्दांत पकडतेस.

आक्का : पकडत नाही. कमी करायचं म्हणालात तर मी तुमच्याबरोबर आहे. एकदम बंद म्हणालात तर नाही.

मामा : आणि घराचं काय? जागतिक आरोग्य संघटनेनं पूर्वी नऊ देशांत पाहणी केली होती, आपलं आग्रा त्यात होतं. आग्र्याची माणसं लंडन-मॉस्कोच्या माणसांपेक्षा चांगली सुधारली. का? घर होतं, रान होतं, माणूस कामात होता. ते तुमच्या गोळीच्या पाकिटावर लिहिलेलं नसतं.

आक्का : नसतं. आणि ते खरं आहे. आपल्याकडं डेअरीवाला पहिल्या दिवसापासून त्याचं दूध घेत राहिला, 'येडा' म्हणाला नाही, त्याचा गुण कुठल्याही औषधापेक्षा कमी नाही. पण घर म्हणजे नुसती माया नसते. सतत टोमणे, सतत पाळत, सतत 'असं का केलंस' असलेल्या घरात माणूस लवकर पुन्हा आजारी पडतो, हेही सिद्ध झालंय. आणि आग्र्याच्या त्या निकालावर पुढं पुष्कळांनी शंका काढल्यात. उपचार न मिळालेल्यांचे आपल्या देशात काय हाल होतात ते मी वॉर्डात बघते.

इथं मला आक्काच्या बाजूनं एक भर घालावीशी वाटते, कारण ती या पट्ट्यापुरती खास आहे आणि डॉक्टरही क्वचित विचारतात. निपाणी म्हणजे बिडीची तंबाखू. धाकटा बिडी ओढतो, दिवसाला बंडल. स्किझोफ्रेनिया असलेल्यांत धूम्रपान खूप आढळतं. बिडीच्या धुरामुळं यकृतातलं एक विकर जोमानं काम करायला लागतं आणि ओलान्झापिन, क्लोझापिन ही औषधं रक्तातून लवकर निघून जातात. म्हणजे बंडल ओढणाऱ्याला तीच गोळी कमी पुरते. उलटही होतं: दवाखान्यात दाखल केलं, बिडी एकदम बंद झाली, तर त्याच गोळीचा अंमल अंगावर येतो, क्लोझापिनच्या बाबतीत धोक्याचा ठरावा इतका. हे धुरामुळं होतं, तंबाखूतल्या निकोटिनमुळं नाही. म्हणून चुना लावून तंबाखू खाणाऱ्याला हा फरक पडत नाही, बाकीचे रोग आहेतच. बिडी जरूर सोडावी. पण सोडताना मात्रेचा हिशेब पुन्हा मांडायला डॉक्टरांना सांगावं. तंबाखूच्या मुलखात हे गोळीच्या चिठ्ठीवर ठळक लिहिलेलं असायला पाहिजे.

मामा : बरं, गोळी राहू दे. पण मुलीकडच्यांना काय सांगायचं? सांगितलं की ते परत जाणार. लग्न झालं की जबाबदारी येते, माणूस सावरतो. कितीतरी बघितलेत मी.

आक्का : मीही बघितलेत, वॉर्डात. लग्नाच्या धामधुमीत चार रात्री झोप नाही. नव्या बायकोला दिसू नये म्हणून गोळ्या ट्रंकेत. तिसऱ्या आठवड्यात आवाज परत. मुलीला वाटतं, आपलंच काही चुकलं. मग तिचा बाप येतो आणि कोर्टात म्हणतो, फसवणूक झाली. हिंदू विवाह कायद्यात ते कलम आहे, मामा. महत्त्वाची गोष्ट लपवून संमती घेतली तर लग्न रद्द होऊ शकतं.

मामा : आणि सांगितलं तर? आजाराचं नाव ऐकलं की कोर्टसुद्धा घटस्फोट देतं.

आक्का : नाही देत. १९८८ साली सुप्रीम कोर्टानं राम नारायण गुप्ता खटल्यात स्पष्ट सांगितलं, नुसतं स्किझोफ्रेनिया हे नाव लावलं म्हणून घटस्फोट मिळत नाही. आजार किती आणि कसा आहे, जोडीदारानं बरोबर राहावं अशी अपेक्षा करता येईल का, ते बघावं लागतं. गोळी घेऊन दूध घालणारा, रान बघणारा माणूस कायद्यानंही संसाराला नालायक नाही. लपवणारा मात्र अडचणीत येतो.

मामा : मुलांना होईल म्हणतील.

आक्का : होण्याची शक्यता असते. आई-बापांपैकी एकाला असेल तर शंभरात दहाच्या आसपास. म्हणजे नव्वदांना होत नाही. हे त्यांना सांगू. त्यांनी ठरवावं.

पुण्याला 'स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन' ही संस्था आहे, १९९७ पासूनची. ती उभी केली डॉ. जगन्नाथ वाणी यांनी. ते कॅनडात कॅलगरीला प्राध्यापक होते आणि हा आजार त्यांनी स्वतःच्या पत्नीच्या सोबत राहून जाणला होता. २००४ साली आलेल्या सुमित्रा भावे-सुनील सुकथनकर यांच्या 'देवराई' या चित्रपटाच्या मागेही तेच उभे होते. अतुल कुलकर्णींनी केलेला त्यातला शेष आणि त्याला सांभाळणारी बहीण पाहून कितीतरी मराठी घरांनी पहिल्यांदा आपल्या माळ्यावरच्या माणसाला आजारी म्हटलं. वाणींनी आपल्या घरातलं दुखणं दडवलं नाही. त्या न दडवण्यातून हे सगळं झालं.

एवढ्यात धाकटा दूध घालून आला. किटली उपडी घातली, हात धुतले. त्याला सगळं ऐकू गेलं होतं. जुन्या घरांच्या भिंती फारसं काही लपवत नाहीत.

धाकटा : मामा, मला गोळी बंद करायची नाही. मी एकदा केली होती.

आक्का : कधी?

धाकटा : दुसऱ्या वर्षी. जिभेखाली धरायचो आणि गोठ्यात थुंकायचो. अठरा-वीस दिवस लई बरं वाटलं. पहाटे टक्कन जाग यायची. मग झोपच जायला लागली. मग नाक्याकडं बघायला नको वाटायला लागलं. तेव्हा मीच परत चालू केली, तुम्हाला सांगितलं नाही. तेव्हापासून आई आणि आक्का माझी जीभ बघतात, ते मला नको झालंय. मी काय कैदी आहे का?

आक्काला यावर बोलता आलं नाही. शेणात एकदा पांढऱ्या गोळ्या सापडल्या होत्या, तेव्हापासून ती सुट्टीला आली की त्याला 'आ कर' म्हणायची. आई रोज म्हणायची.

त्यानं भिंतीवरचं कॅलेंडर उचकटून मागची बाजू दाखवली. बॉलपेननं लिहिलं होतं: झोप चार तासांवर आली. फोन बंद ठेवावासा वाटला. जेवताना ताट फिरवून बघितलं. टीव्हीचा आवाज घालवला. नाका टाळला. 'यातलं दोन झालं की आक्काला फोन' आणि तिचा नंबर. या आजारात बऱ्याच जणांचा उलटा प्रवास आपापल्या ठरावीक वाटेनं सुरू होतो आणि ती वाट बऱ्याचदा आधी त्यालाच दिसते. त्यानं लिहून ठेवलेल्या त्या पाच ओळी उपचाराचा भाग आहेत, कुठल्याही चिठ्ठीइतक्या. आपण पुन्हा आजारी पडलो तर कोणता उपचार हवा, कोणता नको, आपल्या वतीनं कुणी बोलायचं, हे शहाणपणाच्या काळात लिहून ठेवायचा हक्क २०१७ च्या कायद्यानं त्याला दिला आहे. त्याला हा कायदा ठाऊक नव्हता, पण त्यानं अर्धं काम केलंच होतं.

मामा : मग तुझं म्हणणं काय?

धाकटा : कमी करता येते का बघायची. सकाळी जाग यायला पाहिजे, फॅटवरून भांडता यायला पाहिजे. आणि त्या मुलीला मी सांगणार. तुम्ही नाही, आक्का नाही. मी.

मामा : नाही म्हणाली तर?

धाकटा : म्हणू दे.

मामा : कुठल्या दवाखान्यात जायचं आता? कर्नाटकात तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात मंगळवारी मानसोपचाराचे डॉक्टर येतात म्हणे, ती 'मनोचैतन्य' योजना. निपाणी जवळ. पण तिथं कन्नडच बोलले तर?

आक्का : औषधं तिथं फुकट मिळतात, ती घ्यावीत. पण मात्रा कमी करायचं बोलणं त्याच्या बोलीत व्हायला पाहिजे. त्याला काय वाटतं ते त्यानं अडखळून कन्नडमध्ये सांगितलं, तर डॉक्टर अडखळण्यालाच लक्षण समजायचे. त्यासाठी कोल्हापूर. आणि रात्री-बेरात्री काही वाटलं तर १४४१६, टेलिमानस हेल्पलाइन. फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

मामा : मग कोल्हापूरला मीही येतो. ही हॉलंडची कागदं घेऊन. डॉक्टरांना विचारणार मी, चार वर्षं झाली, किती कमी करता, किती दिवसांत करता आणि कशावरून ठरवता.

धाकटा : मी विचारतो. तुम्ही कागदं धरा.

आक्का : आणि संकेश्वरला फोन करा मामा. परवा नको म्हणावं. आधी डॉक्टर, मग मुलगी.

मामांनी नंबर लावला, आणि पलीकडून उचलायच्या आत फोन धाकट्याच्या हातात दिला.